कमी पाट्यांची गाडी

“माल काय असतो तुमचा?” शोरूममधल्या सेल्समननं विचारलं.

“भोपळे,” मी म्हणाले.

“म्हणजे भाजी मार्केट. एका खेपेला दीड टन धरू या.”

“खायचे न्हाईत, सतारीचे. गाडी काठोकाठ भरली तरी दोनशे किलो होत न्हाईत.”

त्यानं पेनाला टोपण लावलं. शर्टावर नरेश कोंडा असं नाव होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या भावाकडं. औदुंबर काचेपलीकडं उभ्या असलेल्या पांढऱ्या पिकअपकडं बघत होता. उत्तर दिलं ते आमच्याबरोबर आलेल्या तिसऱ्या माणसानं.

“वजनाच्या जागी भोपळाच लिहा साहेब,” पोपट शेळके म्हणाला आणि स्वतःच हसला. “आक्कांचं ऱ्हाऊ द्या. सालात चार खेपा भोपळ्याच्या. बाकी गाडी माझ्याकडं. वाळू भरायची हाय. तसली दाखवा.”

पोपट आमच्या गावचा. नदीतली वाळू त्याची नव्हती, पण उपसायचा तोच. औदुंबर आणि तो एका बाकावर शिकले, एका तालमीत घुमले. औदुंबरचा पाय मोडला तेव्हा पोपटनं त्याला पाठीवर घेऊन नदी ओलांडली होती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, कारण पोपट ते सांगायचा. त्या दिवशी सोलापूरला आम्ही त्याच्याच जीपमधून आलो होतो. शोरूममध्ये ओळख आहे, स्वस्तात करून देतो, म्हणून तो आला होता.

खरी गोष्ट गाडीची नव्हतीच, रस्त्याची होती. भीमेच्या काठाला आमची मळई आहे. पुराच्या गाळानं बनलेली मऊ जमीन. सतारीच्या भोपळ्याला तीच लागते. वेल तिथं पसरतो, फळ एका अंगावर दबत नाही, गोल भरतं. पोपटला पात्रात उतरायला दोन वाटा होत्या. एक लांबून, स्मशानाकडून, चढाची. दुसरी आमच्या मळईतून, सरळ. आमचे वडील, आण्णा, होते तोवर त्यांनी ती वाट दिली नाही. आण्णा गेल्यावर पोपटनं वाट मागितली नाही. त्यानं औदुंबरला काम देऊ केलं. “तू गाडी घे, रोजच्या खेपा माझ्या.” एकदा औदुंबरची स्वतःची गाडी वाळूची खेप घेऊन मळईतून वर आली की मागच्या ट्रॅक्टरला तो नाही कुठल्या तोंडानं म्हणणार होता? दोन पावसाळ्यांत मळई नदीत गेली असती. हे मला दिसत होतं. औदुंबरला दिसतं का, हे मला कळत नव्हतं. घरात विषय काढला की तो उठून बाहेर जायचा.

गाडी मात्र हवीच होती. मिरजेच्या सतारी बनवणाऱ्या करीमचाचांनी सांगून टाकलं होतं, “बेटा, भाड्याच्या टेम्पोतनं आलेला माल मी यापुढं घेणार नाही. तिसरा भोपळा तडकलेला असतो.” त्यात त्यांचं चुकत नव्हतं. टेम्पो बनतो वजनासाठी. त्याच्यात वजन नसलं की तो उडतो. आण्णांनी त्यावर उपाय काढला होता. ते नदीतली ओली वाळू पोत्यांत भरायचे, पोती तळाला पसरायचे, वर कडबा आणि त्यावर भोपळे. टेम्पो जरा दबायचा. पण पोत्यांची ओल भोपळ्याला चढायची, आणि तळाच्या भोपळ्यांवर काळे डाग पडायचे.

पोपटनं तेही काढलंच. “आक्का, तुम्ही तरी काय नेत होता? वाळूच की. वर चार भोपळे ठेवायचे, देखाव्याला.”

“ती वाळू आम्ही परत आणून नदीत टाकायचो,” मी म्हणाले.

नरेश कोंडा हसला, मग पोपटकडं बघून हसू आवरलं. तो आम्हाला बाहेर घेऊन गेला. पांढरी पिकअप खरंच देखणी होती. लोखंडी हौदा, तिन्ही बाजूंनी उघडणारे फाळके, मागं जादा पाटा घातलेला. गाण्याची पेटी कंपनीकडून फुकट.

“हीच तयार आहे. आज बुक केली तर गुरुवारी तुमच्या दारात,” नरेश म्हणाला.

मी खाली वाकून मागच्या चाकांवरच्या कमानी पाहिल्या. एकावर एक जाड पोलादी पाटे. “किती हायेत?”

“सात आणि हा जादाचा. रानात, नदीत, कुठंही घाला. बसणार नाही.”

“मला बसणारी पायजे.”

“म्हणजे?”

“वजन न टाकता दबंल अशी. हौदा नगं. नुसती चासी आणि पुढची केबिन द्या. बॉडी मी बाहेरून बांधून घेणार हाय, लाकडी पट्ट्यांची, मधी फटी ठेवून. खालनं वारा लागला पायजे मालाला. वरनं पाइपचा सांगाडा आणि ताडपत्री. गाण्याची पेटी काढून घ्या, त्याजागी लांब चासी मिळत असंल तर ती द्या.”

“लांब मिळते. पण चासी मागवावी लागेल. महिना तरी जाईल.”

“जाऊ दे की.”

तेव्हा औदुंबर बोलला, आणि मोठ्यानं बोलला. शोरूममध्ये दुसरी गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. “आक्का, फटीची बॉडी? लोकं हसतील गावात. कोंबड्या न्यायची गाडी वाटंल.”

“हसू दे की.”

“आणि पाटे? साहेब, पाटे कमी केले आणि त्यात वाळू भरली तर काय हुईल?”

“अहो, चासीच बसेल,” नरेश म्हणाला. “एक्सल वाकेल. वॉरंटीसुद्धा जाईल. तसं करूच नका.”

“ऐकलं का पोपट? एक्सल वाकंल म्हणतोय.” औदुंबर जवळजवळ ओरडलाच. “मग त्या गाडीचं मी काय करू? पूजा करू?”

“तेच म्हणतोय ना मी,” पोपट म्हणाला. “समजाव तिला.”

“तूच समजाव. माझं कधी ऐकलंय तिनं?”

पोपटनं आवाज खाली आणला. त्याला ते जमायचं. “आक्का, मी काय परका न्हाई. औद्या माझा भाऊच. तुमचं वय होणार, वेल कोण लावणार पुढं? सतारी कोण वाजवतं आता? याच्या पोटापाण्याचं बघा. रोजचं काम हाय माझ्याकडं. ही पांढरी घ्या. भोपळे तुमचे मी माझ्या जीपमधनं मिरजंला पोचवतो, मांडीवर घेऊन.”

“मांडीवर किती बसतील?”

पोपटनं पांढऱ्या गाडीच्या फाळक्यावर थाप मारली.

“पोपट, तू आलास, ओळख काढलीस, बरं झालं,” मी म्हणाले. “पर गाडी भोपळ्यांच्या पैशातनं येती. ती भोपळ्यालाच बेतून घ्यायची.” आणि नरेश कोंडाला म्हणाले, “चासी मागवा.”

नरेशनं एकदा औदुंबरकडं पाहिलं. औदुंबरनं हात वर केले, खांदे पाडले आणि पोपटच्या गळ्यात हात टाकून तो बाहेर निघून गेला. परतीच्या वाटेवर मी जीपमध्ये मागं बसले होते आणि ते दोघं पुढं. मोहोळ येईपर्यंत औदुंबर माझ्याबद्दलच बोलत होता. आण्णांनी मला कशी डोक्यावर बसवली, मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हापासून घरात कुणाचं कसं चालत नाही, वगैरे. मी ऐकत होते. शेवटचं वाक्य लागलं. मी उत्तर दिलं नाही. जीप पोपटची होती.

चासी आली. विजापूर रस्त्याला उस्मान मिस्त्रींचं बॉडीचं वर्कशॉप होतं आणि कमानपाट्यांचं कामही तेच करायचे. मी एक भोपळा बरोबर नेला होता, तंबोऱ्याचा, मोठा. तो मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उचलला आणि त्यांचे हात वरच गेले, कारण त्यांनी जोर लावला होता.

“अरे, यात काहीच नाही.”

“बिया हायेत. हलवा.”

त्यांनी हलवला. आत बिया खुळखुळल्या. मिस्त्रींनी दोन-तीनदा हलवून ऐकलं आणि मग भोपळा गोणपाटावर ठेवला, लोळू नये म्हणून दोन बाजूंना लाकडाचे तुकडे लावले. मला तेव्हाच वाटलं की काम नीट होणार.

“फट किती ठेवू?” त्यांनी विचारलं.

“देठ खाली अडकणार न्हाई एवढी. दोन बोटं.”

“दोन बोटांतून तुमची धूळ वर येईल.”

“येऊ दे. धूळ पुसता येती, डाग न्हाई जात.”

“आणि पाटे?”

“दोन काढा.”

ते खाली वाकले, हातानं कमानीवर थाप मारली. “दोन काढले तर गाडी मऊ होईल. पण मग या गाडीवर परत कधी टनाचा माल चढवायचा नाही. कुणी सांगितलं, भाऊ म्हणाला, जावई म्हणाला, तरी नाही. मी लिहून देणार नाही, तोंडानं सांगतो.”

“त्यासाठीच काढायचेत,” मी म्हणाले.

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

त्या काळात घरात बोलणं कमीच होतं. औदुंबर सकाळी पोपटबरोबर जायचा, दुपारी जेवायला यायचा. एकदा जेवताना मी म्हटलं, “मळईतनं कुणाला वाट द्यायची न्हाई, एवढं ध्यानात ठेव.” तो भाकरी मोडत म्हणाला, “मी कुठं म्हटलं देतो?” “पोपट म्हणतो.” “पोपट लई काय काय म्हणतो.” आणि ताट उचलून गेला. मी त्या बोलण्यातून काही काढलं नाही. मला वाटलं, चिडलाय. पोपटनं त्याला जुन्या गाडीचं वचन दिलंय अशी कुजबूज मी ऐकली होती. वाटलं, माझी गाडी दारात आली की तो दुसरीकडून गाडी करेल आणि माझा सगळा खटाटोप फुकट जाईल. तशी तयारी मी मनात केली होती. मळईच्या तोंडाला बाभळीचं कुंपण घालायचं, आणि भावाशी भांडण झालं तर होऊ द्यायचं.

गाडी तयार झाल्याचा निरोप आला. औदुंबर म्हणाला, तो दुपारी येईल, मी पुढं जाऊन काम बघून घ्यावं. मी सकाळच्या एसटीनं गेले.

गाडी वर्कशॉपच्या अंगणात उभी होती. सागवानी पट्ट्या, सारख्या फटी. वर पाइपची कमान, तिच्यावर ताडपत्रीला कड्या. मी बॉडीवर चढले आणि मधोमध उभी राहिले. गाडी माझ्या वजनानं खाली गेली आणि सावकाश वर आली. मी पुन्हा हलले तर पुन्हा तसंच. पाण्यातल्या नावेसारखं. माझं वजन तेव्हा पन्नास किलोसुद्धा नव्हतं.

“मिस्त्री, लई मऊ झाली.”

ते हात पुसत आले.

मी उतरून खाली वाकले आणि मोजले. पाटे चार होते.

“सातातले दोन काढायचे ठरलं होतं.”

“हो.”

“मग पाच पायजेत.”

“आक्का, तुम्हाला सांगू नका म्हणाला होता,” मिस्त्री म्हणाले. “पण पाच म्हणून चार तुमच्या हातात कसे देऊ? तुमचा भाऊ आला होता मंगळवारी. एकटाच, मोटरसायकलवर. म्हणाला, अजून एक काढा. मी म्हटलं, बाईंनी दोनच सांगितलेत. तर म्हणाला, आक्काला वाटतंय दोनानं भागंल. पण पोपट पाच पाट्यांवरही वाळू भरतो, मी त्याच्याबरोबर रोज असतो, मला म्हाईत हाय. चारावर तो भरणार न्हाई.”

मी तिथंच, लाकडाच्या ढिगावर बसले.

“अजून काय म्हणाला?”

“म्हणाला, मला त्याला न्हाई म्हणता येत न्हाई. गाडीला म्हणू द्या.” मिस्त्रींनी खिशातून विडी काढली, पेटवली नाही. “चांगलं केलं की वाईट, ते मला माहीत नाही. भोपळ्यांना चार चालतात. मी स्वतः चालवून पाहिली, मोकळी. हवा असेल तर पाचवा आत्ता बसवून देतो.”

“नगं. ऱ्हाऊ द्या.”

“त्याला सांगणार का तुम्ही?”

“काय सांगायचं?”

औदुंबर दुपारी आला. त्यानं गाडीभोवती फेरी मारली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “काय ही गाडी! कोंबड्यांची गाडी झाली ही, म्हटलं होतं ना मी?” मिस्त्री मान खाली घालून रंधा साफ करत होते. मी औदुंबरला चावी दिली. तो बसला, मी शेजारी बसले. हमरस्त्याला गतिरोधक आला तेव्हा गाडी त्यावरून आवाज न करता उतरली. औदुंबर क्षणभर माझ्याकडं बघायला वळला, मग समोर बघू लागला. मोहोळ गेलं तसा तो शीळ घालायला लागला. आण्णा वेलांना पाणी देताना घालायचे तसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पोपट चावडीपाशीच बसला होता. चारपाच माणसं बरोबर होती. गाडी दिसली तसा तो उठला, आला, बोनेटवर हात ठेवला, मागं गेला. पट्ट्यांच्या फटीत त्यानं दोन बोटं घातली. “यात ताडपत्री टाकली की झालं,” तो म्हणाला. “फटीचं काय मोठं न्हाई.” मग गुडघ्यावर बसून त्यानं खाली पाहिलं. त्याला वाळूच्या गाड्यांतलं कळत होतं. बोट लावून त्यानं पाटे मोजले.

“चार?” तो म्हणाला.

मी तोंड उघडणार तोच औदुंबर केबिनमधून उतरला आणि त्यानं दार आपटलं.

“मग काय सांगतोय तुला! चार ठेवले हिनं, चार. मी मिस्त्रीपुढं हात जोडले. पर ऐकत न्हाई. मनात आलं की आलं. आता यात काय भरू? आभाळ भरू?”

लोक हसले. पोपट माझ्याकडं बघत होता. औदुंबर माझ्याकडं बघत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं बोलला की व्हायचे तसे.

मी पुढं झाले. “आवाज खाली कर,” मी म्हणाले, चावडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “दोन काढणार होते, तुझी तोंडाची टकळी ऐकून तीन काढले. अजून बोललास तर चौथाबी काढीन. आणि ध्यानात ठेव, या गाडीत मातीचा खडा जरी दिसला तर चावी माझ्या कमरेला ऱ्हाईल. मळईतनं कुणाचं चाक गेलं तर तू घरात यायचं न्हाई. भाऊ असलास तरी न्हाई.”

औदुंबरनं मान खाली घातली.

“बघितलंस?” तो पोपटला म्हणाला. “हे असं असतं माझं.”

पोपटनं हात झटकले. गुडघ्याची माती झटकली. मग तो औदुंबरच्या जवळ गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. “जाऊ दे गड्या. घरोघरी असली एक असती. चल, चहा पाजतो तुला.” जाताना माझ्याकडं वळून म्हणाला, “आक्का, तुमच्यापुढं आण्णा परवडले.”

“म्हणून तर मी हाय,” मी म्हणाले.

ते दोघं चहाला गेले. मी गाडीजवळ उभी होते. औदुंबर चहाच्या टपरीच्या बाकावर बसला, त्यानं बशी तोंडाला लावली आणि बशीवरून एकदा माझ्याकडं पाहिलं. बस, एवढंच. त्यावर आम्ही कधी बोललो नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

त्या सालात आम्ही मिरजेला माल नेला तेव्हा एक भोपळा तडकला, तोही उतरवताना करीमचाचांच्याच हातून सुटला म्हणून. पोपटची वाळू स्मशानाकडच्या वाटेनंच जात राहिली. पुढं ती बंद झाली, मग पुन्हा सुरू झाली, तो भाग वेगळा. मळई आहे. वेल आहेत. गाडी दोनदा विकून दोनदा नवी घेतली, दोन्ही वेळा चासी मागवली आणि दोन्ही वेळा नव्या सेल्समनला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

गावात मी हेकट म्हणून ओळखली जाते. सुनांना माझं नाव सांगून भीती घालतात. औदुंबरचे केस पांढरे झाले, पण त्याला नाही म्हणायला अजून जमत नाही. कुणी दारात येतं, बांधावरून पाइप टाकू का विचारतं, गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला मागतं, पतपेढीला जामीन हो म्हणतं. तो डोकं खाजवतो, दाराकडं वळतो आणि म्हणतो, “आक्काला विचारावं लागंल.”

आणि मी आतून, काय विचारायचंय ते न ऐकताच, “न्हाई” म्हणते.